खेळांची नवी पेठ : संगणकावरचे गेम घरोघर कसे पोचतात

मालाची किंमत कुठे आणि कशी ठरते, हा प्रश्न आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला नवा नाही. कार्ले-खंडाळ्याचा पांढरा कांदा शेतात एका भावाचा असतो. त्याची माळ विणून ती रस्त्याकडेला टांगली की भाव दुसरा होतो. आणि तीच माळ मुंबईच्या बाजारात गेली की तिसरा. श्रीवर्धनची सुपारी घ्या, की थळ-वरसोलीची मासळी घ्या. पिकवणारा किंवा पकडणारा एक, वाहून नेणारा दुसरा, विकून देणारा तिसरा आणि खाणारा चौथा, ही साखळी आपण पिढ्यान् पिढ्या पाहत आलो आहोत. त्या साखळीत कोणाच्या हाती किती पडते, यावर घरे चालली आहेत आणि बुडालीही आहेत.

आज आम्हांला ज्या मालाविषयी बोलायचे आहे त्याला वजन नाही. तो नासत नाही, फुटत नाही, त्याला गोदाम लागत नाही. रात्री दहा वाजता मुरूडच्या एखाद्या घरात बसून तो विकायला ठेवला, तर अकरा वाजता ब्राझिलमधला मुलगा तो विकत घेऊ शकतो. हा माल म्हणजे संगणकावर खेळायचे खेळ, ज्यांना मुले नुसते 'गेम' म्हणतात. ते तयार कसे होतात याची चर्चा पुष्कळ होते. तयार झाल्यावर ते खेळणाऱ्यापर्यंत पोचतात कसे, याचा विचार मात्र फारसा होत नाही; आणि आमच्या मते खरी मेख तिथेच आहे.

आरंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'ऑनलाइन गेम' म्हटले की अनेक वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पैसे लावून खेळायची रमी उभी राहते. तो विषय निराळा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयी जो कायदा संमत केला, त्यात पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घातली आणि करमणुकीचे, शिक्षणाचे खेळ व ई-स्पोर्ट्स यांना त्यापासून वेगळे ठेवले. आम्ही बोलत आहोत ते या दुसऱ्या प्रकाराविषयी. कादंबरी विकत घ्यावी, ती वाचावी, तसा हा खेळ विकत घ्यायचा आणि खेळायचा. त्यात पण लावलेला नसतो.

खोक्यापासून तारेपर्यंत

पूर्वी हे खेळ वस्तू म्हणूनच विकले जात. चकती, तिच्याबरोबर छापील पुस्तिका, वर रंगीत खोके. अमेरिकेत किंवा इंग्लंडात तयार झालेला खेळ आपल्याकडे येईपर्यंत त्याच्या किमतीत जहाजभाडे, जकात, वितरकाचा नफा आणि दुकानदाराचा नफा हे सगळे मिसळलेले असे. न्हावा-शेव्याचे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले; तिथून आत येणाऱ्या कोणत्याही मालाला जी वाट चालावी लागते तीच या खोक्यालाही होती. मध्यमवर्गीय घराला ती किंमत परवडत नसे. म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चोरून उतरवलेल्या चकत्या स्वस्तात मिळत आणि तिथूनच त्या गावोगाव पसरत. मुले खेळत होती. पण खेळ करणाऱ्याच्या हाती त्यातला एक पैसाही पडत नव्हता.

तारेवरून खेळ पाठवण्याची कल्पना याच काळात आकार घेत होती. टेक्सासमधल्या 'इड सॉफ्टवेअर' या छोट्या कंपनीने 'डूम' नावाचा खेळ १० डिसेंबर १९९३ रोजी विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संगणकावर ठेवून दिला. पहिला भाग कोणीही फुकट उतरवून घ्यावा, मित्राला द्यावा. आवडला तर पुढचे भाग पैसे पाठवून टपालाने मागवावे, अशी योजना होती. खेळ उतरवून घेणाऱ्यांची अशी झुंबड उडाली की तो संगणक कोलमडला. आपला आंबेवाला आधी एक फोड चाखायला देतो, तोच हा प्रकार. फरक इतकाच की इथे फोड कितीही जणांना दिली तरी आंबा संपत नव्हता.

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाच्या द्वारे. त्या वेळच्या दूरध्वनीच्या तारेवरून सेकंदाला ९,६०० बिट इतक्या वेगाने माहिती येई. आजचा एक मध्यम आकाराचा खेळ दहा गिगाबाइटचा धरला, तर त्या वेगाने तो उतरवायला अखंड ९६ दिवस लागले असते. आणि तेवढे दिवस घरचा फोन अडकून पडला असता. आज सेकंदाला ५० मेगाबिटची साधी घरगुती जोडणी असेल तर तेच काम अर्ध्या तासाच्या आत होते. हा हिशेब ज्याने एकदा मांडला, त्याला खोक्याचा धंदा का बसला हे निराळे सांगावे लागत नाही.

'स्टीम' म्हणजे काय?

अमेरिकेतल्या 'व्हॉल्व्ह' या कंपनीने १२ सप्टेंबर २००३ रोजी 'स्टीम' नावाची व्यवस्था सुरू केली. हेतू मुळात दुकान काढण्याचा नव्हता. कंपनीच्या खेळांत वेळोवेळी दुरुस्त्या कराव्या लागत आणि त्या लाखो खेळाडूंच्या संगणकांवर एकाच वेळी पोचवणे जिकिरीचे होई. ते काम आपोआप व्हावे एवढ्यासाठी ती होती. पुढल्या वर्षी, नोव्हेंबर २००४ मध्ये, कंपनीचा 'हाफ-लाइफ २' हा खेळ आला. तो दुकानातून खोक्यात घेतला तरी स्टीमवर नोंद केल्यावाचून चालत नसे. लोक कुरकुरले, पण खेळ इतका हवाहवासा होता की नोंद केलीच. २००५ पासून इतरांचे खेळही तिथे विकायला ठेवले जाऊ लागले. दुरुस्त्या पोचवणारा हरकाऱ्या अशा रीतीने हळूहळू पेठेचा मालक बनला. मार्च २०२५ मध्ये एका क्षणी चार कोटींहून अधिक माणसे या पेठेत एकाच वेळी हजर होती.

माल प्रत्यक्ष पोचतो कसा, हे समजून घेण्यासारखे आहे. खेळ करणारा आपल्या फाइली स्टीमकडे चढवतो. तिथे त्यांचे सुमारे एकेका मेगाबाइटचे तुकडे पाडतात, ते दाबून लहान करतात आणि कुलूपबंद करतात. प्रत्येक तुकड्याला त्याच्या आतल्या मजकुरावरून काढलेली एक खूण असते. मग या तुकड्यांच्या प्रती जगभरच्या मोठ्या शहरांतील सर्व्हरवर ठेवल्या जातात. त्यांत मुंबईही आहे. अलिबागच्या मुलाने खेळ घेतला की त्याचा संगणक अमेरिकेकडे धाव घेत नाही, तर जवळच्या सर्व्हरकडून तुकडे मागवतो, प्रत्येकाची खूण पडताळतो, खराब आलेला तुकडा पुन्हा मागवतो आणि शेवटी सगळे जोडून खेळ उभा करतो. पुढे खेळात दुरुस्ती झाली तर बदललेले तुकडे तेवढेच येतात. घराची एक कौलपट्टी फुटली म्हणून कोणी सगळे छप्पर उतरवत नाही, तसेच हे.

या सगळ्याला आपला किनारा अगदीच परका नाही. १८७० मध्ये सुएझहून एडनमार्गे मुंबईपर्यंत समुद्राच्या तळाशी तारायंत्राची केबल आली आणि इंग्लंडचा निरोप काही तासांत इथे पोचू लागला. आज त्याच अरबी समुद्राच्या तळाशी काचतंतूंच्या केबल आहेत. मोठमोठे सर्व्हर ज्या इमारतींत ठेवतात त्यांना 'डेटा सेंटर' म्हणतात. तसे एक प्रचंड केंद्र 'योट्टा' कंपनीने २०२० मध्ये आपल्याच जिल्ह्यात पनवेलजवळ सुरू केले. जहाजे, गोदामे आणि धक्के नाहीसे झालेले नाहीत. त्यांचे रूप तेवढे बदलले आहे.

अडत किती?

आता पैशाकडे वळू. स्टीमची अडत शेकडा ३० आहे. म्हणजे कर बाजूला ठेवला, तर शंभर रुपयांच्या विक्रीत खेळ करणाऱ्याला सत्तर मिळतात. २०१८ पासून मोठ्या विक्रीला सवलत आहे: एका खेळाची विक्री एक कोटी डॉलरच्या वर गेली की वरच्या रकमेवर २५ टक्के, आणि पाच कोटींच्या वर गेली की २० टक्के. तात्पर्य, बड्याला अडत कमी आणि लहानाला जास्त. हा न्यायही आपल्या ओळखीचाच आहे.

या तीस रुपयांत मिळते काय, हे न सांगणे मात्र अन्यायाचे होईल. पैसे निरनिराळ्या देशांच्या चलनांत गोळा करणे, तिथले कर भरणे, खेळ पोचवणे, दुरुस्त्या पोचवणे, ग्राहकाचे न पटल्यास पैसे परत देणे, हे सगळे पेठ करते. २०१५ च्या जूनपासून खरेदीनंतर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळले असल्यास पैसे परत मिळतात. त्याच वर्षी नोव्हेंबरात इथल्या किमती डॉलरऐवजी रुपयांत लागल्या. आणि भारतासाठी निराळी, कमी किंमत लावणे खेळ करणाऱ्यांना सोपे झाले. चोरीच्या चकतीपेक्षा प्रामाणिक खरेदी सोयीची झाली, म्हणून पुष्कळांनी चोरी सोडली. उपदेशाने जे झाले नव्हते ते सोयीने झाले.

कमी अडतीची दुकानेही आहेत. 'एपिक'चे दुकान डिसेंबर २०१८ मध्ये १२ टक्के अडतीवर सुरू झाले. जून २०२५ पासून तर प्रत्येक खेळाच्या वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरवर त्याने अडतच सोडली. २०१३ साली निघालेल्या 'इच' या संकेतस्थळावर अडत किती द्यायची हे विकणाराच ठरवतो. शून्य दिली तरी चालते. मग सगळे तिकडे का जात नाहीत? रस्त्याकडेला स्वतःचे दुकान मांडले तर कांद्याच्या माळेवर अडत द्यावी लागत नाही, हे शेतकऱ्याला कळत नाही असे थोडेच आहे? पण त्या रस्त्याने गिऱ्हाईक गेले पाहिजे. खेळाडूची शंभर पुस्तके एका कपाटात असली की एकशेएकावे तो त्याच कपाटात ठेवू पाहतो. अडत घेतली जाते ती वाहतुकीची नव्हे. ती गर्दीची आहे.

दृष्टीस पडण्याचे मोल

हेच आम्हांला आज प्रामुख्याने सांगायचे आहे. माल पोचवणे जवळजवळ फुकट झाले; आणि म्हणूनच माल दृष्टीस पडणे फार महाग झाले.

२०१७ पर्यंत स्टीमवर कोणता खेळ घ्यायचा याची निवड होत असे. त्या वर्षीच्या जूनपासून दार सर्वांना उघडे झाले. शंभर डॉलर, म्हणजे सुमारे साडेआठ-नऊ हजार रुपये भरायचे, की कोणीही आपला खेळ मांडू शकतो. विक्री हजार डॉलरपर्यंत गेली की ते पैसेही परत मिळतात. मुरूडच्या किंवा म्हसळ्याच्या मुलाला ओळख लागत नाही, वशिला लागत नाही. ही लहान गोष्ट नव्हे. पण जे दार त्याला उघडे तेच साऱ्या जगाला उघडे. २०२४ या एका वर्षात स्टीमवर अठरा हजारांहून अधिक नवे खेळ आले. म्हणजे दिवसाला सुमारे पन्नास. ज्या बाजारात रोज सकाळी पन्नास नवे दुकानदार टोपली घेऊन बसतात, तिथे एकाची हाक कोणाच्या कानी जाणार?

या पेठेला फळीची मर्यादा नाही, ही जमेची बाजू आहे. जुना माल कोणी उचलून टाकत नाही. 'अमंग अस' हा तीन माणसांनी केलेला खेळ २०१८ मध्ये आला तेव्हा त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. २०२० मध्ये लोक घरात कोंडले गेले, नामांकित खेळाडूंनी तो प्रेक्षकांसमोर खेळून दाखवला आणि काही आठवड्यांत तो जगभर पोचला. खोक्यांच्या काळात असे होणे शक्य नव्हते; दोन वर्षांत ती खोकी रद्दीत गेली असती. परंतु अशा एका उदाहरणामागे न विकलेले हजारो खेळ असतात आणि त्यांची नावे कोणी घेत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

पुण्याचा अनुभव

महाराष्ट्रातले एक उदाहरण या सगळ्यावर चांगला प्रकाश टाकते. पुण्यात 'नॉडिंग हेड्स गेम्स' नावाची एक लहान संस्था आहे. श्रुती घोष, अविचल सिंह आणि इयन मॉड हे तिचे संस्थापक. त्यांनी 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा खेळ केला. सर्कशीत वाढलेली राजी नावाची मुलगी असुरांनी पळवलेल्या आपल्या भावाच्या, गोलूच्या, शोधात निघते. दुर्गा आणि विष्णू तिची कथा सांगतात. राजस्थानी वाडे आणि पहाडी चित्रशैली यांवरून त्यातले देखावे बेतलेले आहेत.

२०१७ मध्ये त्यांनी इंटरनेटवरून लोकवर्गणी जमवण्याचा प्रयत्न केला. ठरवलेली रक्कम जमली नाही. तरी काम थांबले नाही. पुढे 'सुपर डॉट कॉम' हा प्रकाशक मिळाला. १८ ऑगस्ट २०२० रोजी खेळ प्रथम निन्टेंडोच्या यंत्रावर आला आणि १५ ऑक्टोबरला स्टीमवरून संगणकावर. त्याच वर्षी 'द गेम अ‍ॅवॉर्ड्स' या जागतिक पारितोषिकांत पदार्पणाच्या उत्तम खेळासाठी त्याचे नामांकन झाले.

यात लक्षात घेण्याजोगे काय? शंभर डॉलर भरून पुण्याहून थेट जगाला माल विकता येत असताना प्रकाशकाची गरज का पडावी? कारण प्रकाशक आता माल वाहत नाही, तो माल दृष्टीस पाडतो. वृत्तपत्रांत लिहून आणणे, प्रदर्शनात मांडणे, निरनिराळ्या यंत्रांच्या पेठांशी बोलणी करणे आणि खेळ पुरा होईपर्यंत पगाराची सोय पाहणे, ही त्याची कामे. आणि त्याबद्दल सत्तर रुपयांतून तोही आपला वाटा घेतो. दलाल गेला असे जे म्हटले जाते ते खरे नाही. मालवाहू गेला, दलाल राहिला, किंबहुना एकाचे दोन झाले.

विकत घेतले म्हणजे काय घेतले?

आता विकत घेणाऱ्याची बाजू. आपण पुस्तक घेतो तेव्हा ते आपले होते. ते मुलाला देता येते, वाचनालयाला देता येते, रद्दीत विकता येते. स्टीमवर घेतलेला खेळ तसा आपला होत नाही. आपल्याला मिळतो तो वापरण्याचा परवाना. तो दुसऱ्याला विकता येत नाही आणि खाते बंद झाले तर त्याच्याबरोबर तोही जातो. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने १ जानेवारी २०२५ पासून ही गोष्ट ग्राहकाला स्पष्ट सांगणे दुकानांना भाग पाडले. स्टीमने तशी सूचना त्याआधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, आपल्या खरेदीच्या पानावर लावली.

ही नुसती कायद्याची कीस काढणी नव्हे. 'युबिसॉफ्ट' कंपनीचा 'द क्रू' हा मोटारींचा खेळ २०१४ मध्ये आला. तो कंपनीच्या सर्व्हरशी जोडल्याशिवाय चालत नसे. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने ते सर्व्हर बंद केले आणि ज्यांनी पुरी किंमत मोजली होती त्यांच्याही घरी तो खेळ बंद पडला. याउलट पोलंडमधले 'गॉग' हे दुकान २००८ पासून असे खेळ विकत आले आहे की ज्यांवर कुलूप नसते. एकदा उतरवून घ्यावे, स्वतःच्या डिस्कवर जपून ठेवावे, दुकान उद्या बंद झाले तरी खेळ चालतो. ज्याला आपला संग्रह मुलांपर्यंत पोचवायचा आहे त्याने हा भेद जाणून खरेदी करावी.

आपल्या मुलांनी काय करावे?

शेवटी जो प्रश्न आपल्यांपैकी अनेकांच्या मनात असेल त्याकडे येतो. घरातला मुलगा किंवा मुलगी म्हणते, 'मला गेम करायचा आहे.' तीन वर्षे आणि घरची शिल्लक त्यात घालावी का?

आमचे उत्तर असे. करावा, पण पहिला खेळ लहान करावा, काही महिन्यांत पुरा होईल एवढाच. तो 'इच'सारख्या ठिकाणी फुकट किंवा नाममात्र किमतीला ठेवावा आणि अनोळखी माणसे तो शेवटपर्यंत खेळतात की नाही ते पाहावे. ओळखीच्यांची स्तुती हिशेबात धरू नये. मोठा खेळ हाती घेतला तर विक्रीच्या पानाची तयारी खेळाच्या तयारीबरोबरच करावी. स्टीमच्या नियमाप्रमाणे ते पान विक्रीपूर्वी निदान दोन आठवडे लोकांपुढे असावे लागते. पण दोन आठवडे म्हणजे कमीत कमी, पुरेसे नव्हेत. कित्येक महिने आधी ते उघडावे. ज्यांना खेळ हवासा वाटतो ते त्याची 'विशलिस्ट'मध्ये नोंद करून ठेवतात आणि विक्री सुरू झाली की त्यांना पेठेकडून वर्दी जाते. पहिल्या दिवशी दारात किती माणसे उभी राहतील, ते या नोंदींवर ठरते. चाखायला एक फोड द्यावी. 'डूम'च्या वेळची ती युक्ती अजून चालते. आणि सत्तर रुपयांतून काय उरेल याचा हिशेब पहिल्या दिवशी कागदावर मांडावा, शेवटच्या दिवशी नव्हे.

आपल्या किनाऱ्याजवळ गोष्टींना तोटा नाही. जंजिरा आहे, कुलाब्याचा दुर्ग आहे, आंग्र्यांचे आरमार आहे, रेवदंड्याचा पडका कोट आहे. या गोष्टी जगाच्या पडद्यावर नेण्यासाठी आता मुंबईला बिऱ्हाड करावे लागत नाही. चांगला संगणक, चांगली जोडणी आणि चिकाटी असली की काम इथेच होते. पण माल उत्तम आहे म्हणून तो आपोआप खपेल, हा भरवसा पांढरा कांदा पिकवणाऱ्यानेही कधी ठेवला नाही. २०२१ मध्ये अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाले ते यासाठीच, की बाजारात गर्दी झाली तरी त्याची ओळख त्यात हरवू नये. आपल्या मुलांनी खेळ करायला शिकावे आणि त्याच जोडीने आपल्या मालाची ओळख राखायलाही शिकावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.